पीएई कर्नल टाकला की सगळी रॅम मिळते?

‘चार जीबीच्या वर रॅम असली तरी ६४-बिटच्या भानगडीत पडू नका. ३२-बिटचा पीएई कर्नल टाका. सगळी रॅम मिळते, वेग जात नाही. ६४-बिट दुप्पट मेमरी खातो.’ लिनक्सवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. ३२ बिटांच्या पत्त्याने ४ जीबीपर्यंतच पोचता येतं, आणि त्यापलीकडची रॅम ३२-बिट कर्नलला वापरू देणारी प्रोसेसरची सोय म्हणजे पीएई (फिजिकल ॲड्रेस एक्स्टेन्शन).

सगळी रॅम मिळते, पण कोणाला? इंटेलने १९९५ मध्ये पेंटियम प्रोबरोबर पीएई आणलं, भौतिक पत्ता (प्रत्यक्ष रॅममधल्या जागेचा) ३६ बिटांचा झाला आणि कर्नलला ६४ जीबीपर्यंत रॅम दिसू लागली. प्रोग्रॅमचा पत्ता मात्र ३२ बिटांचाच राहिला. नेहमीच्या विभागणीत त्यातले ३ जीबी प्रोग्रॅमचे, १ जीबी कर्नलचा. मशीनमध्ये १६ जीबी असली तरी एकट्या डेटाबेसच्या प्रोसेसला ३ च्या पलीकडे थेट जाता येत नाही.

‘वेग जात नाही’ यातली खरी गोम कर्नलच्या त्या १ जीबीत आहे. त्यातून जेमतेम ८९६ एमबी रॅम कायमची हाताशी असते, तिला लोमेम म्हणतात. उरलेली सगळी हायमेम: कर्नलला हवी तेव्हा तात्पुरती मॅप करायची (आपल्या पत्त्यांशी जोडायची), काम झालं की सोडायची. शिवाय रॅमच्या दर ४ केबीच्या तुकड्याची (पेजची) नोंद कर्नल ठेवतो, तीही लोमेममध्येच. नोंदीला ३२ बाइट धरले तर १६ जीबीसाठी १२८ एमबी गेली, ६४ जीबीसाठी ५१२. म्हणजे रॅम वाढवाल तसा कर्नलचाच श्वास कोंडतो! मग कित्येक जीबी मोकळी दिसत असताना ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्रॅम बंद पाडणारा कर्नलचा भाग) प्रोग्रॅम मारत सुटतो आणि आपण रॅमच्या स्टिकवर संशय घेत बसतो.

राहिलं ‘६४-बिट दुप्पट मेमरी खातो’. दुप्पट होतात ते पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते साठवणारे आकडे, ४ चे ८ बाइट. फोटो, ऑडिओ, मजकूर होते तेवढेच राहतात. बदल्यात जनरल रजिस्टर (चालू कामाचे आकडे ठेवायच्या प्रोसेसरमधल्या जागा) ८ ची १६ होतात. आणि सहसा कुणी सांगत नाही ते हे: ६४-बिट कर्नलवर ३२-बिट प्रोग्रॅमही चालतात आणि प्रत्येकाला जवळपास पूर्ण ४ जीबी मिळतात. मेमरीची काटकसर हवी असेल तर ही जोडी पीएईपेक्षा बरी.

प्रोसेसरच ६४-बिट नसेल तर मात्र पीएई जरूर घ्या, रॅम २ जीबी असली तरी. कारण ३२-बिट कर्नलमध्ये एनएक्स संरक्षण (डेटाच्या जागेतून कोड चालू न देणारं) पीएईशिवाय मिळत नाही. प्रोसेसरच्या फ्लॅग्जमध्ये (त्याच्या क्षमतांच्या यादीत) ‘एलएम’ (lm) दिसला, तर तो ६४-बिट आहे.