थर्मोस्टॅट काढला म्हणून गाडी थंड राहत नाही

ऊन तापलं की नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. सार असं: ‘थर्मोस्टॅट थंड देशांसाठी असतो, आपल्याकडे काढून टाका. पाणी मोकळं फिरेल, इंजिन थंड राहील, ॲव्हरेज वाढेल. कूलंटऐवजी साधं पाणीच बरं. गाडी तापली तर हीटर लावा.’ यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. बाकीच्यांपायी लोकांची इंजिनं खराब होतात, म्हणून हे लिहितो आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत आतलं पाणी रेडिएटरकडे, म्हणजे ते थंड करणाऱ्या पुढच्या जाळीकडे, जाऊ न देणारी झडप. कूलंट म्हणजे त्या पाण्यात मिसळायचं द्रव.

‘थंड देशांसाठी’ म्हणाल, तर नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ वर उतरलाही होता. पण बाहेर नवतपा असो की कडाका, इंजिनाला आतलं तापमान साधारण ९० ते १०० अंशच लागतं. थर्मोस्टॅट नसला की इंजिन जास्त वेळ थंड राहतं. इंजिन थंड असलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. त्यातलं थोडं न जळता ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, झीज वाढते. ॲव्हरेज वाढणं दूरच, घटतं.

आता ‘पाणी मोकळं फिरेल’. थर्मोस्टॅटच्या छोट्या धातूच्या डबीत मेण असतं. बऱ्याच गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान ते वितळून फुगतं, पिन ढकलतं आणि झडप उघडू लागते. आणखी दहा-बारा अंशांनी ती पूर्ण उघडते. म्हणजे मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलवर तापमानाचा काटा वर सरकतो, तेव्हा चांगला थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो. तो काढून मिळणार काय? थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा सांभाळतो. वरची मर्यादा रेडिएटर आणि फॅनच्या हातात असते. कूलंट ९५ अंश आणि हवा १० अंश असेल तर फरक ८५ चा. हवा ४५ झाली की उरतात ५०. त्यात जाळीत धूळ बसलेली आणि फॅन उशिरा लागणारा, मग गाडी तापणारच. पैसे तिथे खर्च करा.

काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी जास्त तापते. त्याच्या खालच्या बाजूला दुसरी चकती असते. इंजिन गरम झालं की ती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ती वाट कायम उघडी राहते आणि काही गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात शिरतं. (‘पाणी जोरात फिरलं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही’ हे मेसेजच्या विरोधकांचं कारणही चूक आहे. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच बाहेर पडते.)

मग हा समज आला कुठून? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत जाम झाला की गाडी खरंच तापते, आणि काढल्याबरोबर निवते. पण जाम झालेला थर्मोस्टॅट बदलायचा असतो. शंका असेल तर तो दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात असा लटकवा की बुडाला टेकणार नाही, आणि गॅस लावा. थर्मामीटर त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास आला की चकती हळूहळू उचलायला लागते. पाणी उकळेपर्यंत हललीच नाही, तर तो गेला.

साध्या पाण्याबद्दल एक कबूल करायला हवं: नुसतं पाणी उष्णता कूलंटपेक्षा जास्त वाहून नेतं. पण गंज रोखत नाही, आणि उकळतंही लवकर. बोअरचं पाणी असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तो चोक होतो. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, आणि प्रेशर धरणारं चांगलं झाकण असेल तर उकळबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो.

राहिला हीटर. तो म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. गाडी तापली तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडा, गाडी बाजूला घ्या. काटा वर असूनही हीटरमधून थंडच हवा आली, तर बहुधा आत कूलंट उरलेलं नाही किंवा फिरत नाही. मग इंजिन लगेच बंद करा, आणि ते पूर्ण निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.