तीन कोटेशने आणि एक मुदतवाढ

पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीचा मी गेली नऊ वर्षे मानद खजिनदार आहे. ‘मानद’ याचा अर्थ असा, की काम माझे, कॉम्प्युटर माझा, वीज माझी, प्रिंटरची शाई माझी आणि शंका तेवढ्या सभासदांच्या. गच्चीवरच्या टाकीचे झाकण बदलायचे असले तरी तीन कोटेशने समोर आल्याशिवाय मी चेकवर सही करत नाही, आणि पाठीमागे माझ्याविषयी काय बोलले जाते हे मला ठाऊक असूनही मी हा नियम कधी मोडलेला नाही. तोच नियम एके दिवशी स्वतःच्या घरातल्या कॉम्प्युटरला लावावा लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

हा कॉम्प्युटर २०१२ च्या गुढीपाडव्याचा. सेकंड जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क असा त्याचा त्या काळचा थाट होता. ‘दहा वर्षं याच्याकडे बघायला नको,’ असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि त्याने शब्द पाळला. अकराव्या वर्षापासून मात्र मी त्याच्याकडे नुसता बघतच बसलेलो असतो. सकाळी बटण दाबून मी आंघोळीला जातो. अंग पुसून बाहेर येतो तेव्हा पडद्यावर ठिपके गोल फिरत असतात, देवपूजा आटोपते तेव्हा डेस्कटॉप उमटलेला असतो, आणि त्यावर लगेच क्लिक करण्याचा उतावीळपणा टाळून पोहे खाऊन घेतले की मग एक्सेल उघडते. “या कॉम्प्युटरमुळे तुमची पूजा तरी नीट होते,” असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे, आणि त्यात तथ्य आहे. हार्ड डिस्क सुधारली असती तर माझे अथर्वशीर्ष पुन्हा अर्ध्यावर आले असते.

हळूपणाची तक्रार मी केली नसती. घात केला तो तारखेने. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी, सीआर २०३२ नावाची तीन व्होल्टची एक चपटी बटणसेल असते आणि कॉम्प्युटरची वीज पूर्ण बंद असताना त्याचे घड्याळ ती चालू ठेवते. भिंतीवरचे बटण चालूच राहू दिले असते तर सेल संपल्याचे मला कळलेही नसते, कारण तेवढ्या विजेवर ते घड्याळ चालते. पण मी पडलो खजिनदार. रात्री मुख्य बटण बंद केल्याशिवाय मला झोप लागत नाही. परिणामी आमचा कॉम्प्युटर रोज सकाळी १ जानेवारी २०११ रोजी जागा होऊ लागला. बँकेची साइट उघडावी तर ब्राउझर सुरक्षेविषयी गंभीर शंका घेई, कारण त्याच्या हिशेबी त्या साइटचे प्रमाणपत्र अजून जन्माला यायचे होते. मी रोज हाताने तारीख दुरुस्त करत असे. एके दिवशी ते राहून गेले.

नेमके त्याच दिवशी मी मेंटेनन्सची बिले छापली. थकबाकीवर व्याज आकारण्याचे सूत्र मी स्वतः एक्सेलमध्ये बसवलेले आहे: थकीत रक्कम, देय तारखेपासून आजपर्यंतचे दिवस आणि सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तेव्हा कमाल मर्यादा म्हणून दिलेले द. सा. द. शे. २१ टक्के सरळव्याज. चौथ्या मजल्यावरच्या एका सभासदाकडे ३० जून २०२५ पासून ४,००० रुपये थकले होते. ‘आज’ १ जानेवारी २०११ असल्यामुळे सूत्राने त्यांना उणे ५,२९४ दिवसांचे व्याज लावले आणि सोसायटीच त्यांना ८,१८३ रुपये ४५ पैसे देणे लागते, असा निष्कर्ष काढला. चार वर्षांत ज्यांनी एकही बिल वेळेवर वाचले नव्हते, त्या गृहस्थांनी हे बिल त्याच संध्याकाळी वाचले. रात्री साडेनऊला ते आमच्या दारात उभे होते. “पंचेचाळीस पैसे सोडले मी,” ते उदारपणे म्हणाले.

त्या रात्रीच कॉम्प्युटर बदलण्याचा ठराव घरात मंजूर झाला. सूचक सौभाग्यवती, अनुमोदकही त्याच. अंदाजपत्रक १०,००० रुपयांचे; त्यापलीकडे एक रुपयाही नाही, कारण दिवाळी तोंडावर होती. घाईला आणखी एक कारण होते. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार होते, म्हणजे वसुबारसेच्या तीन दिवस आधी. आणि विंडोज ११ ला आमच्या यंत्राकडून टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि किमान आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर हवा होता. आमचा दुसऱ्या पिढीचा. इतके अंतर तर आमच्या घराण्यातही कोणा दोघांत नाही. २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर उतरले तेव्हा मी आशेने एका दुकानात फोन केला होता. पण एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले, कॉम्प्युटर आधीच १८ वर होता आणि तिथेच राहिला.

नियमाप्रमाणे तीन कोटेशने मागवली. पहिले बंगळुरूहून चिरंजीवांचे. ते आले तेव्हा त्याची बेरीज ६८,००० रुपये होती, आणि त्यात निळे-जांभळे दिवे लागणाऱ्या एका ग्राफिक्स कार्डाचा समावेश होता. “बाबा, पुढची दहा वर्षं बघायला नको,” तो म्हणाला. हे वाक्य मी पूर्वी कुठे ऐकले आहे, ते मला लगेच आठवले. दुसरे कोटेशन होते कंपन्यांतून बाहेर पडलेली यंत्रे पुसूनपासून विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचे: आठव्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज ११ चालणार, १४,५०० रुपये आणि एक महिन्याची ‘टेस्टिंग वॉरंटी’. प्रामाणिकपणे सांगायचे तर शहाण्या माणसाने हेच घेतले असते. तिसरे कोटेशन आमच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाचे होते. “काका, हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाका, रॅम वाढवा, सेल बदला. माझे सहाशे. माल तुम्ही लॅमिंग्टन रोडवरून आणा, तिकडे स्वस्त पडेल.” सर्वांत कमी दराचे कोटेशन स्वीकारायचे, हाही नियमच आहे.

आधी त्याने कॅबिनेट उघडले. मुंबईच्या दमट, खारट हवेने स्क्रू इतके गंजले होते की दोन तर तिथेच राहिले. आतले दृश्य पाहून आम्ही तिघेही काही क्षण गप्प झालो. प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये तेरा वर्षांची धूळ बसून तिचा चक्क नमदा झाला होता आणि तो चिमट्याने धरून ओढल्यावर एकसंध बाहेर आला. प्रोसेसरची उष्णता त्या पट्ट्यांकडे पोचवणाऱ्या थर्मल पेस्टचा वाळून खडू झाला होता. एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन रिकामी, पांढरी टरफले होती. ऊब पाहूनच तिने जागा निवडली असणार. दिवाळीची साफसफाई चालूच असल्यामुळे सौभाग्यवती केरसुणी घेऊन सरसावल्या, तेव्हा त्या मुलाने मदरबोर्डवर अक्षरशः आडवे हात धरले. मग त्याने माझ्याकडे खोडरबर मागितले. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या की बंद पडलेले कॉम्प्युटर उठून बसतात, हे मला तोवर माहीत नव्हते. शाळेत असताना मी गणितातल्या इतक्या चुका खोडल्या, पण त्या रबराचे खरे सामर्थ्य मला सत्तावन्नाव्या वर्षी कळले.

लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनवर पूर्वेला उतरून त्या नावाने पत्ता विचारला तर लोक आपल्याकडे सहानुभूतीने पाहतात. पाच-सहा हात रुंदीच्या एका दुकानात मी शिरलो. “अंकल, बोर्ड कौनसा है?” काउंटरवरच्या मुलाने विचारले, आणि ‘एसएससी’ हे उत्तर अगदी ओठांवर येऊन परतले. एच-६१ म्हटल्यावर त्याने, एखाद्याने पावशेर आणि छटाकात भाजी मागावी, तसा चेहरा केला. तरीही २५६ जीबीची एसएसडी २,१०० रुपयांना मिळाली. ती सेकंदाला साडेपाचशे एमबी वाचते असे तो सांगत होता. “पण तुमच्या बोर्डाचा, डिस्क जोडायचा साटा पोर्ट जुना, तीन जीबीपीएसचा. त्यावर अर्धाच स्पीड मिळणार,” असेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. मी म्हणालो, मग अर्धे पैसे घ्या. यात विनोद करण्याचा माझा काहीही हेतू नव्हता, पण शेजारच्या दुकानातली दोन माणसे मला बघायला आली.

रॅमचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. आमच्या बोर्डाला डीडीआर-थ्री लागते, आणि ती आता नव्यापेक्षा जुन्या यंत्रांतून काढलेलीच जास्त मिळते. ‘आज का भाव’ असे म्हणून त्याने जो आकडा सांगितला तो मी बटाटेवडा खाऊन परत येईपर्यंत पन्नास रुपयांनी वाढला होता. सगळी मेमरी एआयवाले उचलून नेत आहेत आणि म्हणून बाजार तापला आहे, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या पालीच्या अंड्यांशेजारच्या रॅमची कृत्रिम बुद्धिमत्तेला काय गरज, हे मला उमगले नाही. दुसऱ्या एका दुकानात हीच पट्टी निम्म्या किमतीत दिसली. कोटेशनचा नियम मनात जागा झाला आणि मी ती घेतली.

घरी ती बसवल्यावर कॉम्प्युटरने असा काही लांबलचक बीप दिला की समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. खोडरबर झाले, स्लॉट बदलून झाले, तरी बीप कायम. शेवटी त्या मुलाने पट्टी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, “काका, आपला प्रोसेसर इंटेलचा, आणि ही एएमडी कंपनीच्या बोर्डावरच चालणारी आहे. स्वस्त मिळते ती हीच. आता मशीनच घेऊन जा, लावून बघितल्याशिवाय दुसरी घेऊ नका.”

तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी कॅबिनेट जुन्या चादरीत बांधून मी स्लो लोकलच्या लगेज डब्यात चढलो. चादरीचे हे गाठोडे मांडीवर घेऊन मी कोपऱ्यात बसलो होतो आणि शेजारी रिकामी पाटी घेऊन एक कोळीण बसली होती. तिने बराच वेळ गाठोड्याचे निरीक्षण करून विचारले, “टीवी हाय काय रं दादा?” मी म्हटले, कॉम्प्युटर आहे, दुरुस्तीला नेतोय. “किती वर्सांचा?” तेरा, मी म्हणालो. तिने नाकावर पदर धरला. ज्यांचा माल संध्याकाळी शिळा होतो, त्यांना तेरा वर्षांचा हिशेब कसा समजावणार? तिच्या पाटीतून ओघळणाऱ्या पाण्यापासून मदरबोर्ड वाचवण्यासाठी मी दादरपासून ग्रँट रोडपर्यंत ते गाठोडे उभ्याने कडेवर घेतले.

दुकानदाराने पट्टी बदलून दिली, फरकाचे पैसे घेऊन. या वेळी काउंटरवरच यंत्र जोडून, पडद्यावर ८ जीबी हा आकडा माझ्या डोळ्यांनी वाचून, मगच मी पाकीट उघडले. बटणसेल मात्र तिथे घ्यायला विसरलो. ती स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडे पन्नास रुपयांना मिळाली.

एसएसडीवर विंडोज चढवून झाल्यावर मी सवयीने साठा मोजला. २५६ जीबी विकत घेतले होते. पडद्यावर २३८ दिसत होते. १८ जीबी कमी. जीएसटी १८ टक्के असतो हे खरे, पण तो मालातूनही कापून घेतात की काय? त्या मुलाने समजावून सांगितले, की बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे कमी काहीच झालेले नाही. पार्ल्यात घर घेतलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. एक असतो सुपर बिल्टअप आणि दुसरा कार्पेट.

राहता राहिला विंडोज १० चा प्रश्न. चौकशीअंती असे कळले, की मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून सेटिंग्जचा बॅकअप त्यात ठेवला तर घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा अपडेट पैसे न देता मिळतात. मुदतवाढ! आणि तीही विनामूल्य. आमच्या कचेरीत अशा मुदतवाढीसाठी लोकांनी वर्षभर साहेबांच्या घरी तिळगूळ आणि फराळ पोचवलेला मी पाहिला आहे. येथे पाच मिनिटांत एक बटण दाबून काम झाले. एकूण खर्च ५,९०० रुपये, लोकलचे तिकीट आणि बटाटेवडा धरून. उरलेले ४,१०० ‘इतर सणखर्च’ या खाती वर्ग झाल्याचे मला भाऊबीजेला कळले. व्हाउचर मागण्याचे धाडस मी केले नाही.

आता कॉम्प्युटर पंचवीस सेकंदांत सुरू होतो, तेही आजच्या तारखेला. अथर्वशीर्षाची पंचाईत झाली आहे, कारण मी ओले अंग पुसत असतानाच ते यंत्र पासवर्ड मागत उभे असते. गेल्या आठवड्यात मी सर्व बिले नव्याने छापून वाटली. त्याच रात्री साडेनऊला चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ हातात बिल घेऊन आले. ३० जूनपासूनचे व्याज त्यात दिवसांसह अचूक लागले होते. त्यांनी बिल एकदा वाचले, चष्मा काढून पुन्हा वाचले, मग माझ्या खांद्यावरून आत टेबलाकडे नजर टाकली आणि कोणी गेल्यावर विचारतात तशा आवाजात म्हणाले, “जुना चांगला चालला होता की हो तुमचा. काय झालं होतं त्याला?”