तिथीची पाऊणपट

बडोद्याच्या मराठी माणसाने समुद्राबद्दल बोलावं की नाही, हा वादाचा विषय आहे. शाळेत आम्ही 'गुजरातला 1600 किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे' हे घोकलं आणि संध्याकाळी सूरसागरच्या कट्ट्यावर बसून शेंगदाणे खाल्ले. सूरसागर हा तलाव. पण नावात सागर आहे, मधोमध 111 फुटी महादेव उभा आहे, तेवढ्यावर आमचं भागतं. खाऱ्या पाण्याची फारच हुक्की आली तर कावी-कंबोई. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातं. मात्र वेळ विचारून जायचं. न विचारता गेलात तर नजर पोचेल तिथवर चिखल. लहानपणी बाबांबरोबर गेलो होतो तेव्हा बाबांनी नारळवाल्याला विचारलं, "दरियो क्यां छे?" त्याने नारळावरची नजर न उचलता सांगितलं, "गयो." जणू मामलेदार कचेरीत गेलाय, चारपर्यंत येईल.

असं बाळकडू मिळालेल्या माणसाने समुद्रकाठी तंबू ठोकायची जागा निवडू नये. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत गाडी घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने जायचं, दर दोन दिवसांनी मुक्काम हलवायचा आणि राहायचं स्वतःच्या तंबूत, असं कन्यारत्नाने जाहीर केलं. तंबू ऑनलाइन आला. सहा जणांचा, असं पिशवीवर छापलं होतं. ते सहा जण कोण, हे छापलं नव्हतं. आम्ही सहा म्हणजे मी, बायको, दोन मुलं, शहात्तर वर्षांची आई आणि नानाकाका. एकट्या नानाकाकांनाच मी दोन धरतो.

रंगीत तालीम गच्चीवर झाली. गच्चीत खुंट्या जात नाहीत, हे तंबू उघडल्यावर ध्यानात आलं. मग एक दोरी पाण्याच्या टाकीला, एक डिशच्या खांबाला, एक तुळशीवृंदावनाला (आईने ती लगेच सोडवली) आणि एक चिरंजिवांच्या हातात. शेजारचे भाई त्यांच्या गच्चीवरून बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "शेनो मंडप छे? कथा राखी छे?" मी म्हटलं, दरिया पर जवानुं छे. ते हसले. "दमण?"

हे 'दमण' नीट समजून घ्यायला हवं. गुजरातेत दारूबंदी आहे, दमणमध्ये नाही. त्यामुळे बडोद्यातला पुरुष 'समुद्र बघायला दमणला चाललोय' म्हणाला की ऐकणारा एक डोळा मिटतो. मी दोनदा सांगितलं, आईसुद्धा येतेय. भाई म्हणाले, "बा पण?" आणि त्यांच्या नजरेतला माझा आदर दुप्पट झाला. दमण त्या क्षणी यादीतून बाद.

जागा निवडायला रोज रात्री जेवणानंतर बैठक बसायची. तीथलवर पहिले चार दिवस गेले. वलसाडजवळचा किनारा, शिवाय देवळंही आहेत, म्हणून आईचं मत पक्कं होतं. मग तिथली वाळू काळी असते हे तिला कुणीतरी सांगितलं. "काळी वाळू म्हणजे शनीची जागा. आणि पांढरी साडी नेसून बसायचं कुठं?" डुमसचीही वाळू काळीच, वर तिथं रात्री भुतं फिरतात अशी ख्याती. नानाकाका तरीही डुमसवर ठाम होते, कारण तिथली टमाट्याची भजी. दीव आणि द्वारकेजवळचं शिवराजपूर ही कन्येची पसंती. किनारे स्वच्छ, पाणी निळं, फोटो चांगले येतात. ती ज्या ज्या ठिकाणी फोन करायची तिथून एकच उत्तर यायचं, लाभपाचमनंतर बोला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गुजराती नवं वर्ष, आणि तिथपासून लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, सगळी दुकानं बंद. दुकानं बंद म्हणजे अख्खा गुजरात गाडीत. आमच्या आधी सगळे किनारे भरलेले.

आणि आमच्या सौभाग्यवतींची एकच अट होती, बाथरूम चोख्खं हवं. ('चोख्खं' हा अर्धा गुजराती शब्द आहे याची बडोद्यात जन्मलेल्यांना कल्पना नसते. पुण्याच्या मावशीकडे गेल्यावर कळते.) तिची प्रश्नावली तयार होती. नळाला पाणी गोडं की खारं? रात्री दिवा चालू असतो का? कडी आतून आहे का? एका ठिकाणच्या माणसाने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "दोन्हीकडून आहे." फोन तिथंच ठेवला गेला. दुसऱ्या एकाच्या फोटोत तंबू आणि लाट यांच्यात हातभर अंतर होतं, मावळता सूर्य होता, शेकोटी होती. विचारलं, समुद्र किती लांब? "सात मिनिट." चालत? "गाडीने."

1930 साली गांधीजी साबरमतीहून निघून चोवीस दिवसांत चालत दांडीला पोचले. आमची बैठक चोविसाव्या दिवशी वलसाडच्या पुढे सरकली नव्हती.

शेवटी बोर्डी ठरलं, आणि ते कसं ठरलं हे कुणालाच नीट सांगता येणार नाही. बहुधा सगळ्यांच्या नकाराधिकाराची मुदत एकाच रात्री संपली असावी. बोर्डी म्हणजे महाराष्ट्रात शिरताच पहिल्या झटक्याला लागणारा किनारा, बडोद्याहून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सुरूची झाडी, घोलवडचे चिकू (त्यांना 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे, हे मी बैठकीत तीनदा सांगितलं, कुणी दाद दिली नाही) आणि मराठी बोलणारी माणसं. चिकूच्या वाडीला लागून एकांनी तंबूंसाठी जागा केली होती. बाथरूमची कडी आतून होती, फक्त आतून. पुढचे मुक्काम तिथं गेल्यावर ठरवू, असं म्हणून भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी, तृतीयेला पहाटे, आम्ही निघालो. सात जणांच्या गाडीत सहा जण, सातव्या जागी तंबू, आणि आईच्या मांडीवर लीलो चिवड्याचा पाच किलोचा डबा, कारण 'तिकडे काय मिळणार'.

थांबत थांबत दिवस कलताना पोचलो. गाडीतून उतरून आईने पदर खोचला, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "समुद्र कुठाय?"

ओहोटी होती. बोर्डीचा किनारा इतका उथळ आहे की ओहोटीला पाणी पार लांब जातं. समोर मैदानासारखी ओली वाळू, त्यावर दोन पोरं क्रिकेट खेळत होती आणि सीमारेषेच्याही पलीकडे एक चकाकणारी पट्टी. मला कावीचा नारळवाला आठवला.

वाडीवरच्या मामांनी आम्हाला सुरूखालची जागा दाखवली. खाली वाळलेल्या सुरूच्या काड्यांची गादी, वर सावली. "फक्त शेगडी इथं पेटवू नका," ते म्हणाले, "या काड्या काडेपेटीची वाटच बघत असतात." मग वाळूवरची एक रेघ दाखवली. वाळकं शेवाळ, काथ्याचे तुकडे, एक निळी चप्पल, बाटलीचं झाकण, सगळं एका ओळीत, किनारभर. "काल पाणी इथवर आलेलं. तंबू याच्या वरच."

इथं नानाकाकांनी घसा साफ केला.

नानाकाकांचं मूळ गाव गुहागर. म्हणजे पणजोबांचं. पणजोबा गायकवाडांच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हापासून घरातलं कुणी व्याडेश्वराच्या दर्शनापलीकडे कोकणात राहिलेलं नाही. नानाकाकांचा स्वतःचा जन्म दांडिया बाजारचा. पण समुद्र दिसला की त्यांच्या अंगात पणजोबा येतात. "पाऊणशे रुपये देऊन झाडाखाली झोपायला बडोद्यात कमाटीबाग नव्हती का?" (पाऊणशे नव्हते, बरेच जास्त होते. ते आम्ही त्यांना सांगितलेलं नाही.) "समुद्रकिनारी म्हणजे समुद्रकिनारी. ही रेघ अवसेच्या उधाणाची. आज तृतीया. उधाण ओसरलं. आणि भरतीची वेळ काढायची रीत माझ्या आजोबांनी मला शिकवली आहे. तिथीची पाऊणपट. तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. रात्री सव्वादोनला पाणी भरणार आणि मागे फिरणार. मी जागा राहतो."

चिरंजीव फोन बघत म्हणाले, "नाना, यात साडेतीन दाखवतंय."

"ॲप काय गुहागरला जन्मलंय?"

तूही नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काकांना असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रेघेकडे, आणि चिकू मोजायला निघून गेले. तंबू रेघेच्या खाली दहा पावलांवर लागला.

लागला म्हणजे लागता लागता सूर्य मावळला. लोखंडी खुंटी वाळूत ठोकली की बोटभर दोरी ओढताच खुंटी तितक्याच सहजतेने बाहेर येते. चार वेळा ठोकली, चार वेळा आली. मग वाडीवरच्या एका पोऱ्याने शिकवलं. पिशवीत ओली वाळू भरायची, तोंड बांधून दोरी त्यालाच बांधायची आणि पिशवी हातभर खोल आडवी पुरायची. आमच्याकडे लग्नाच्या आहेरात आलेल्या साड्यांच्या दुकानांच्या सहा पिशव्या होत्या. त्या पुरताना बायकोचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, ती मोजून ठेवतेय. तंबूचं दार समुद्राकडे ठेवलं, फोटोसाठी. संध्याकाळचा वारा समुद्रावरून येतो, त्यामुळे पंधरा मिनिटांत आत वाळूचा पाट तयार झाला. रात्री वारा फिरून जमिनीकडून येतो हे खरं, पण तोवर थालीपिठांत, अंथरुणात आणि आईच्या जपमाळेत वाळू जाऊन बसली होती. चिवड्याचा डबा तेवढा बंद होता.

तृतीयेची कोर लवकर बुडाली. अंधार असा की समुद्र नुसता ऐकू येत होता, दिसत नव्हता. नानाकाका तंबूबाहेर घडीच्या खुर्चीवर, गळ्याभोवती मफलर, हातात टॉर्च. दर दहा मिनिटांनी टॉर्च मारून आत सांगायचे, "वीस पावलं." "सोळा." "चौदा." मधेच कुत्रं भुंकलं की "काही नाही, कुत्रं." सव्वादोनला त्यांनी टॉर्च मारली, मोजलं आणि दार उघडून मोठ्याने जाहीर केलं, "दहा पावलं. भरली. आता ओहोटी. झोपा निवांत." आई म्हणाली, "आम्ही झोपलोच होतो." नानाकाका खुर्ची बाहेरच ठेवून आत आले आणि दोन मिनिटांत घोरू लागले.

मला जाग आली ती पायांना काहीतरी गार लागल्यामुळे. आधी वाटलं, बाटली सांडली. मग अंथरुणाखालून कुणीतरी हळूच, अगदी मायेने, उशी सरकवल्यासारखं वाटलं. टॉर्च लावली. कन्येची चप्पल तंबूच्या आत तरंगत होती आणि तिच्यावर एक छोटा खेकडा, दोन्ही नांग्या वर करून, हजेरी दिल्यासारखा. साडेतीनला चार मिनिटं कमी.

पुढचं सलग सांगता येत नाही. आई डबा घेऊन पहिली बाहेर पडली एवढं आठवतं. चिरंजीव दोऱ्या सोडत होते, पण वाळूत पुरलेल्या पिशव्या आता सुटायला तयार नव्हत्या. इतक्या पक्क्या बसल्या होत्या की त्या पोऱ्याचं कौतुक करावं. बायकोने एक उपसली, वाळूसकट खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "ही आत्याबाईंच्या आहेरातली आहे." नानाकाका गुडघाभर पाण्यात उभे राहून घड्याळ बघत होते. त्यांची खुर्ची हळूहळू गुजरातच्या दिशेने निघाली होती.

मामा कंदील घेऊन आले. ते झोपलेच नव्हते, असा माझा संशय आहे. त्यांनी बरोबर चार गडी आणले होते. सगळं सामान सुरूखाली नेल्यावर, चहा टाकल्यावर, ते नानाकाकांच्या शेजारी बसले आणि अगदी हळू म्हणाले, "तुमचं गणित बरोबर आहे, काका. फक्त ते तिकडचं, खालचं. आपण खंबातच्या आखाताच्या तोंडाशी. इकडे पाणी उशिराने चढतं. आणि उधाण अवसेनंतरही एक-दोन दिवस उतरत नाही." नानाकाकांनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे पाऊणपट अधिक सव्वा तास," ते म्हणाले. त्यांनी खिशातून ओली डायरी काढली आणि लिहून ठेवलं.

सकाळी उठलो तेव्हा समोर क्रिकेट चालू होतं. नानाकाकांची खुर्ची बऱ्याच लांब, चिखलात, पाय वर करून पडली होती. आदल्या दिवशीची रेघ कुठं होती ते कळेना. नवी रेघ तिच्या वर होती आणि तीत आमची एक थालीपीठ-ताटली, चिरंजिवांचा एक मोजा आणि कन्येची चप्पल होती. पुढचे तीन मुक्काम कुठं, यावर त्या दिवशी बैठक बसलीच नाही. बायकोने वाडीवर एक पक्की खोली मिळवली, चोख्ख्या बाथरूमसकट, आणि आम्ही तिथंच तीन दिवस चिकू खाल्ले.

लाभपाचमच्या दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. गच्चीवर ओला तंबू वाळत घालत होतो, तर शेजारचे भाई आलेच. त्यांनी तंबूवरचं वाळकं शेवाळ बघितलं, मग आईकडे वळले.

"बा, दरियो जोयो?"

"अमे शुं जोवाना," आई म्हणाली, "ए ज आव्यो हतो अमने जोवा. राते साडात्रण वागे."