श्रीलंकेहून परतलेल्यांची आठवण कोण काढणार?

२६ जुलै आला की कारगिलच्या ५२७ हुतात्म्यांचे स्मरण गावोगावी होते, आणि ते व्हायलाच हवे. परंतु ज्या मोहिमेत त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारे १,२०० भारतीय सैनिक कामी आले, त्या ‘ऑपरेशन पवन’चे नावही आपल्यापैकी बहुतेकांना सांगता येणार नाही.

२९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानुसार शांतिसेना म्हणून श्रीलंकेत गेलेल्या जवानांवर अवघ्या काही आठवड्यांत एलटीटीई या स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेशी लढण्याची वेळ आली. ऑक्टोबरमधील एका रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांपैकी २९ जण ठार झाले. २५ नोव्हेंबरला दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी गोळीबार सुरू केला, तेव्हा ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी त्यांना मागून घेरले आणि छातीत गोळी लागलेली असतानाही हल्लेखोराची रायफल हिसकावून त्यालाच टिपले. मुंबईत जन्मलेल्या आणि तिथल्याच एसआयईएस महाविद्यालयात शिकलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मुंबईकरांनाही हे क्वचितच ठाऊक असते, याचे मला वैषम्य वाटते.

मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तेव्हा चेन्नईतील स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नाहीत. मोहिमेत श्रीलंकेतील तमिळ नागरिकांच्या झालेल्या मृत्यूंबद्दल तिथे संताप होता आणि जाफना रुग्णालयात भारतीय सैनिकांनी रुग्ण व कर्मचाऱ्यांना ठार केल्यासारख्या आरोपांची निर्भीड चौकशी व्हायला हवी होती, हे मला मान्य आहे. मात्र या मोहिमेचा निर्णय दिल्लीत झाला होता. त्याच्या अपयशाचा जाब हुकूम पाळणाऱ्या शिपायाकडे पाठ फिरवून कसा विचारता येईल? ज्या देशाने त्यांना परत जायला सांगितले, त्या श्रीलंकेने राजधानीत त्यांचे स्मारक बांधले. आपले राष्ट्रीय समर स्मारक उभे राहायला मात्र २०१९ साल उजाडले.

विजयाच्या मोहिमांचे सैनिक लक्षात ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत. श्रीलंकेत लढलेले जवान आज साठीच्या पुढे आहेत आणि आपल्याच गावांत राहतात. येत्या १५ ऑगस्टला ग्रामपंचायतीने त्यांना केवळ शाल-श्रीफळ देऊन खुर्चीवर बसवू नये. जाफन्यात काय घडले, हे त्यांना मुलांसमोर बोलू द्यावे.