मंदिराची कॉपी म्हणे!

परवा सोलापूरच्या गड्डा यात्रेत भजी खात उभे होतो. मामाने मोबाईल पुढे केला. "हे बघ बे, दिल्लीचं जुनं संसद भवन मध्य प्रदेशातल्या मितावलीच्या योगिनी मंदिरावरनं उचललंय. इंग्रजांचं काय नाही त्यात." दोन फोटो शेजारी शेजारी, दोन्ही गोल, दोन्हीला खांब. हा फॉरवर्ड फिरून फिरून येतो. बघून कुणालाही पटेल, मान्य. पण मला पटत नाही, कारण खरी गोष्ट जास्त मजेदार आहे.

नवी दिल्ली आखणारे दोन इंग्रज वास्तुविशारद. त्यातल्या हर्बर्ट बेकरच्या डोक्यात होता त्रिकोण. तीन अंगांना तीन सभागृहं. गोलाचा हट्ट एडविन लुटियन्सचा. दोघांचं रायसीना टेकडीवर व्हाइसरॉयच्या वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या चढावरून आधीच बिनसलेलं, त्यात ही भर. शेवटी गोल जिंकला. 560 फूट व्यास, भोवती 144 खांब.

मुळात नव्या दिल्लीच्या पहिल्या आराखड्यात ही इमारत नव्हतीच! व्हाइसरॉयच्या वाड्यातच कौन्सिलची बैठक भागवायची होती. 1919च्या कायद्याने दोन सभागृहं आली, संस्थानिकांसाठी तिसरं आलं, मग जागा शोधायची पळापळ. मिळाली ती नॉर्थ ब्लॉकच्या पलीकडे, खालच्या अंगाला. मधला सरळ भव्य रस्ता व्हाइसरॉयकडे जातो, ही बिचारी बाजूला. लग्नात उशिरा आलेल्या पाहुण्याला मांडवाच्या कडेला पान मांडावं तशी. 1921च्या फेब्रुवारीत ड्यूक ऑफ कॅनॉटने कोनशिला बसवली, 18 जानेवारी 1927ला व्हाइसरॉय आयर्विनने उद्घाटन केलं. आणि आतला अधिकार केवढा? सभागृहाने बिल फेटाळलं तरी व्हाइसरॉय स्वतःच्या सहीने ते कायदा करू शकत होता. मतदानाचा हक्कही मूठभरांनाच.

मामाला मी म्हटलं, सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावातल्या माणसाने या इमारतीतली एक तारीख लक्षात ठेवावी. 8 एप्रिल 1929. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्तांनी बॉम्ब टाकले, हे शाळेत शिकलो. त्याच दिवशी, त्याच सभागृहात संपांवर बंधनं घालणारं ट्रेड डिस्प्यूट्स बिल मंजूर झालं होतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आपल्या गावातल्या किती घरांचा संसार भोंग्यावर चालायचा!

वर्षभराने, 6 एप्रिल 1930ला, आपल्या नगरपालिकेने इमारतीवर तिरंगा चढवला. मे महिन्यात गावात मार्शल लॉ. 12 जानेवारी 1931ला येरवड्यात चौघे फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. चार हुतात्मा चौकातून जाताना आपण सिग्नल बघतो, पुतळे नाही. मीही.

म्हणून मंदिराची कॉपी की रोमच्या कलोझियमची, या वादात मला रस नाही. दुसऱ्याने स्वतःसाठी बांधलेल्या घरात आपण कसे राहिलो, ते मला महत्त्वाचं वाटतं. सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. इंद्रभुवन अप्पासाहेब वारदांनी स्वतःसाठी बांधलं, आज तिथे महापालिका आहे आणि आपण त्याच नक्षीदार भिंतींखाली अर्ज घेऊन उभे असतो. दिल्लीतही तेच. जो सेंट्रल हॉल ग्रंथालय म्हणून बांधला, तिथे 9 डिसेंबर 1946पासून संविधान सभा बसली. संस्थानिकांच्या सभागृहात तर 1958पर्यंत सुप्रीम कोर्ट भरायचं. राजेरजवाड्यांच्या जागेत न्यायाधीश! मला तर ही इमारतीची सगळ्यात सुंदर बाजू वाटते. खांब नंतर.

नव्या भवनावर माझा राग नाही. जुन्यात दाटी होती, आणि लोकसभेची 888 आसनं उद्या लागतील. 28 मे 2023ला ते उघडलं, आकार त्रिकोणी, प्लॉटच तसा. बेकर असता तर मिशीत हसला असता, शंभर वर्षांनी त्याचाच आकार शेजारी उभा राहिला. जुन्याचं नाव आता संविधान सदन. नाव छान आहे. पण तिथे रोज काहीतरी घडत राहावं, भांडणं व्हावीत, माणसांनी दमून चहा प्यावा असं मला वाटतं. नुसतं बघायला ठेवलेलं घर लवकर पडीक वाटायला लागतं.

मामाने सगळं ऐकून घेतलं. भज्यातली मिरची बाजूला काढत म्हणाला, "ते जाऊ दे. आतले पंखे खालनं वर लावल्यात म्हणे, ते तरी खरं का?"

खरं आहे. छत इतकं उंच, की सेंट्रल हॉलमध्ये पंखे जमिनीवरच्या खांबांवर उलटे बसवलेत. मामा खूश. तो फोटो आता ग्रुपवर आलाय, खाली लिहिलंय, भाच्याने चेक केलेलं आहे.