मालकाचं उत्तर: बाकी सगळं कबूल, काचांचं तेवढं मनाला लागलं

नमस्कार साहेब,

आधी सॉरी. पंधरा दिवस सांगून ४१ दिवस लागले आणि काम होईपर्यंत माझ्याकडनं एकदाही फोन गेला नाही, ही चूक माझी, त्यात वाद नाही. पण तुम्ही तुमच्या पडलेल्या मॉडेल रेल्वे इंजिनाच्या दुरुस्तीबद्दल रिव्ह्यूमधे जे लिहिलंय ना, "दीड महिना माळ्यावर धूळ खात ठेवलं, खेळण्याचे २,७०० रुपये घेतले, रेलिंग दोन रंगांचं केलं आणि केबिनच्या काचा पांढऱ्या करून दिल्या, घड्याळवाल्याकडं इंजिन देऊ नका", ते वाचल्यावर रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली उत्तर देऊ नका, आणखी वाढेल. पण दुकान छोटं आहे, सगळे मिळून १९ रिव्ह्यू, त्यात तुमचा एक स्टार सगळ्यात वर दिसतोय आणि या आठवड्यात बाहेरगावचा एकही फोन नाही. मग लिहायलाच लागतंय.

माळ्याचं म्हणाल तर २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं, वडिलांचं घड्याळाचं लेथ मशीन गाळात गेलं ते परत चालू झालंच नाही. तेव्हापासनं जून लागला की गिऱ्हाइकाची एकेक वस्तू डब्यात घालून माळ्यावर जाते. तुमचं इंजिन फोममधे, झाकणाच्या डब्यात होतं. धूळ डब्यावर होती हो, इंजिनावर नव्हती.

दिवसांचा हिशोब असा की ३ जूनला तुम्ही आणलंत, मी दोन दिवसांनी उघडलं, आत बघतो तर एका चाकाच्या दांड्यावरचा गिअर उभा चिरलेला. म्हणून ते चालताना टक टक करत होतं, चिरेचा दात आला की एक टक. हा गिअर डेल्रिन नावाच्या प्लॅस्टिकचा असतो, त्याला कुठलाच साधा गम धरत नाही, बदलायलाच लागतो, आणि तो सांगलीत सोडा पुण्यातही मिळाला नाही, बाहेरनं मागवला. ६ जूनला ऑर्डर, ८ जुलैला पार्सल हातात. तीन दिवसात काम करून ११ ला मी फोन केला, तुम्ही १४ ला आलात. यातलं माझं लेट किती आणि कुरिअरचं किती ते वाचणाऱ्यांनी बघावं. तेवढा गिअर येईपर्यंत एक फोन करायला पाहिजे होता, ते मात्र खरं.

पैशांचं, गिअर शिपिंगसकट १,२४०, कपलरची (डबे जोडायच्या हुकांची) जोडी २६०, मजुरी १,२००. तीन दिवसांची मजुरी आहे ही. खेळणं म्हणताय पण तुम्हीच पहिल्या दिवशी दुकानात म्हणाला होता की "हे खेळणं नाही, एचओ स्केल आहे, जपून". एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं, रुळातलं अंतर १६.५ मिलिमीटर. (आपली खरी ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, तिला ८७ नं भागलं तर १९ च्या वर यायला पाहिजे, पण हे रूळ परदेशातल्या १,४३५ च्या मापाचे, म्हणून आपली इंजिनं त्यावर जरा उंच टाचेच्या चपला घातल्यासारखी दिसतात. असो.) तीन फुटावरनं शहाबादी फरशीवर पडल्यावर पुढचा कपलर तर गेलाच, पण एक चाक दांड्यावर आत सरकलं होतं, डोळ्याला दिसत नव्हतं, व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावल्यावर कळलं. म्हणून तुमचं इंजिन सरळ रुळावर नीट आणि सांध्यावर (गाडी रूळ बदलते तिथं) आलं की घसरत होतं. आता घसरतंय का? रिव्ह्यूमधे त्याचा एक शब्द नाही. वीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं केली, हाताला सवय आहे म्हणून ते चाक सरळ बसलं, घड्याळवाला म्हणून हिणवू नका.

रेलिंग दोन रंगांचं आहे, मान्य. तुटलेलं रेलिंगही त्याच न चिकटणाऱ्या प्लॅस्टिकचं, म्हणून मी मिरजेच्या सतारमेकरांकडनं तंबोऱ्याची बारीक पितळी तार आणून, चिमट्यात धरून वाकवून बसवली. त्याच्यावर मारलेला पिवळा किंचित गडद झाला. ती तार परत तुटणार नाही एवढं सांगतो. त्या तारेचे पैसे लावलेले नाहीत.

आता काचा.

साहेब, त्या काचा आमच्याकडं पांढऱ्या झालेल्या नाहीत. मी इंजिनाला फेविक्विक लावतच नाही, बॉडीला प्लॅस्टिकचं सिमेंट आणि काचेजवळ साधा फेव्हिकॉल, जो वाळला की पारदर्शक होतो. फेविक्विकची वाळताना वाफ निघते, ती जवळच्या प्लॅस्टिकवर पांढरी बसते, आणि वर बॉडी लावून झाकून टाकलं की आतल्या आत कोंडून काचांवर जास्त बसते. तुमच्या इंजिनाची केबिन माझ्याकडं आली तेव्हाच चिकटवलेली होती, डाव्या कोपऱ्याला गमचा वाळलेला ओघळ होता आणि पुढच्या दोन्ही काचांवर धुकं. वस्तू घेतानाच मी फोटो काढतो, ३ जूनचे सहा फोटो आहेत, इथं टाकत नाही, दुकानात येऊन बघा.

आणि भिंगातनं आणखी एक दिसलं. केबिनच्या खाली गडद रंगावर पांढऱ्या रेघांमधे अंगठ्याचा अर्धा ठसा उठला होता, अगदी आधार कार्डाच्या मशीनवर दिसतो तसा. बोटाचा तेलकटपणा राहिलेला असतो त्याला ही वाफ धरते, पोलीस लोक ठसे काढायला हीच युक्ती वापरतात. तो अंगठा मोठ्या माणसाचा होता साहेब. तुम्ही मला सांगितलं की मुलाच्या हातून पडलं आणि घरी काही केलेलं नाही. तुम्ही बाहेर फोनवर बोलत होता तेव्हा छोटे साहेब काउंटरवर हनुवटी टेकून मला म्हणाले, "काका, पप्पांच्या हातनं पडलं, आणि पप्पांनीच चिकटवून परत फुल स्पीडला पळवलं." मी तेव्हा काही बोललो नाही, आताही बोलणार नव्हतो, पण काचांचं माझ्या नावावर आल्यावर किती दिवस गप्प बसायचं. त्याला रागावू नका, गुणी पोरगं आहे, मला डब्यांचे सगळे नंबर म्हणून दाखवले.

वस्तू हातनं पडते हो, त्यात लाज कसली. माझ्या हातनं गिऱ्हाइकाचं लग्नातलं घड्याळ पडलंय. फक्त पडल्यावर लगेच करंट देऊ नये, आतला दांडा निसटलेला असला तर एका बाजूची चाकं फिरतात, दुसरी फरफटतात आणि चिरलेला गिअर आणखी खातो. उलटं करून टॉवेलवर ठेवायचं, चाकं एका ओळीत आहेत का बघायचं, हलवून आत काही खुळखुळतंय का ऐकायचं, आणि तुटलेला प्रत्येक कण, कितीही बारीक असो, काडेपेटीत जपून ठेवायचा. तुमचं हॉर्नचं टोक तुम्ही केरात घालवलंत म्हणून ते मला कोरून करायला लागलं (तेही बिलात नाही). आणि टेबलाच्या कडेला चार इंच उंच अॅक्रिलिकची पट्टी लावून घ्या, ग्लासवाल्याकडं कापून मिळते. इंजिन उचलताना रेलिंगला धरायचं नाही, खाली टाकीला दोन बोटांनी धरायचं. हे मी १४ तारखेला पण सांगत होतो, तुम्ही घाईत होता.

आमच्याकडनं काय बदलणार ते म्हणाल तर आता उशीर होत असला तर कळवायची काहीतरी सोय करतो, मुलगी म्हणतेय व्हॉट्सॲपवर मेसेज टाकत जाऊया, बघू. घेतानाचे फोटो गिऱ्हाइकाला पण पाठवत जाईन म्हणजे पुढं असा विषयच नको.

काचा मी पारदर्शक शीटच्या नवीन कापून देतो. चूक माझी नाही तरी पैसे घेणार नाही. जमलं तर रिव्ह्यूमधलं ते काचांचं एक वाक्य तेवढं काढा, स्टार राहू दे, तुमची मर्जी. मंगळवारी दुकान बंद असतं, बाकी रोज दहा ते आठ. येताना इंजिन ओरिजनल खोक्यातनं आणा, मागच्या वेळी मिठाईच्या बॉक्समधे पेपर गुंडाळून आणलं होतं, चाकांना पेढ्याचा तुपकटपणा लागला होता तो काढण्यातच माझा एक तास गेला. आणि छोट्या साहेबांना पण घेऊन या.