महागडे सुटे भाग आवश्यकच आहेत का?

विमानाच्या १:७२ प्रमाणातील, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या, प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीचे साधे किट रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचे) तयार भाग विकत घेतल्याशिवाय सुधारत नाही, असे मत एका लेखात वाचले; ते मला मान्य नाही. सोलापुरात घरीच मी दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमान हॉकर हरिकेन याच्या सुरुवातीच्या आवृत्तीचे असे एक किट पूर्ण केले. वैमानिकाच्या आसनाचे पट्टे मी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे केले. खरा पट्टा सुमारे पाच सेंटीमीटर रुंद धरला, तर ७२ ने भागल्यावर तो पाऊण मिलिमीटरही भरत नाही, त्यामुळे नवे ब्लेड आणि पोलादी पट्टी यांना पर्याय नाही.

अँटेनाच्या तारेसाठी मी आधी सूत वापरले. आमच्या या चादरींच्या गावात सुताला तोटा नाही, परंतु त्यावरची लव या प्रमाणात दोरखंडासारखी दिसते. त्याऐवजी भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून फिरवत राहावा आणि तो मऊ होऊन चकाकू लागताच बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ताणावा. केसासारखी गुळगुळीत तार मिळते. पंखांची मागची कड मात्र जोडणीपूर्वीच आतून घासावी, कारण तेथील एक मिलिमीटर जाडी खऱ्या विमानावर जवळजवळ तीन इंच ठरते.